मार्चमध्ये संपली असती तर?

[दृश्य: अमेरिकेचा नकाशा. तारखेनुसार एकेक राज्य उजळत जातं.]

३ जानेवारी २००८ ला आयोवात सुरू झालेली डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत मिटली ७ जूनला. रिपब्लिकन जॉन मॅकेन यांची उमेदवारी ४ मार्चलाच पक्की झाली होती. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन मात्र पुढे तीन महिने भांडत राहिले. आता पक्षाचं वाटोळं होणार, अशी धास्ती पक्षातल्याच अनेकांनी घेतली होती.

लढत लांबली ती नियमांमुळे. डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या पक्षाच्या मतदानात, प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. हे प्रतिनिधी पुढे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात. १५ टक्क्यांच्या खाली राहणाऱ्याला काहीच मिळत नाही. समजा मतदारसंघात चार प्रतिनिधी आहेत आणि उमेदवार दोघंच. मतं ५५-४५ पडली तरी वाटणी दोन-दोनच. तिसरा प्रतिनिधी हवा तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. ५ फेब्रुवारीला क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकलं आणि ११ प्रतिनिधींची आघाडी मिळवली. त्याच दिवशी ओबामांनी चिमुकल्या आयडाहोच्या कॉकसमधून, म्हणजे कार्यकर्त्यांच्या सभांमधल्या मतदानातून, १२ ची आघाडी काढली! या हिशेबात पिछाडी भरून काढणं अवघड, आणि मागे पडलेल्याला घरी बसवणंही अवघड. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी ठरवतात, म्हणून हा प्रश्नच येत नाही. येतो तो बंडखोरीचा.

[दृश्य: इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना, ६ मेची प्रायमरी]

मे उजाडेपर्यंत निकाल बहुधा लागलेला असतो, त्यामुळे या राज्यांकडे उमेदवार फिरकत नाहीत. २००८ मध्ये फिरकावं लागलं. कार्यालयं उघडली, नवे मतदार नोंदले, घरोघरच्या याद्या झाल्या. इंडियानाने १९६४ नंतर आणि नॉर्थ कॅरोलिनाने १९७६ नंतर डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला नव्हता. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत ओबामांनी दोन्ही राज्यं घेतली, पहिलं सुमारे २८ हजार मतांनी, दुसरं सुमारे १४ हजारांनी. त्यांच्याकडे पैसा अफाट होता, अर्थव्यवस्थाही कोसळत होती, हे खरंच. पण एवढ्याशा फरकात मे महिन्यातल्या त्या याद्यांचा वाटा नाकारता येत नाही.

शिवाय ओबामांच्या चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या अमेरिकेवर टीका करणाऱ्या प्रवचनांचं प्रकरण मार्चमध्येच फुटलं. ते ऑक्टोबरमध्ये फुटतं, तर उत्तर द्यायला वेळ कुठे होता?

खरी झळ बसली ती पैशाला. एका देणगीदाराकडून प्रायमरीसाठी २,३०० डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळे २,३०० घेता येत. दुसऱ्या वाट्याला प्रायमरीत हात लावता येत नाही. क्लिंटन यांनी दोन्ही वाटे गोळा केले, पण चालू लढाईसाठी निम्मी रक्कम निरुपयोगी होती. जानेवारीतच त्यांना स्वतःचे ५० लाख डॉलर मोहिमेला कर्जाऊ द्यावे लागले.

[दृश्य: १९८०, न्यूयॉर्कचं अधिवेशन]

लांबलेली लढत बुडवते, याचा दाखला म्हणून १९८० सांगतात. एडवर्ड केनेडी विद्यमान अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याशी ऑगस्टपर्यंत लढले आणि नोव्हेंबरमध्ये कार्टर ४४ राज्यांत हरले. पण महागाई आणि तेहरानमध्ये ओलीस ठेवलेले अमेरिकी यांनी कार्टर आधीच खिळखिळे झाले होते. अध्यक्ष कमकुवत दिसतो, म्हणून तर पक्षातून आव्हान येतं.

फरक पडला तो शेवट कसा झाला त्याने. केनेडींनी अधिवेशनातही प्रतिनिधींना मोकळं सोडा, म्हणजे ज्याच्यासाठी निवडून आले त्यालाच मत देण्याचं बंधन नको, अशी मागणी रेटली आणि ती फेटाळली गेली. २००८ मध्ये पक्षाचा नियम मोडून लवकर प्रायमरी घेणाऱ्या फ्लोरिडा आणि मिशिगनच्या प्रतिनिधींचा वाद ३१ मेलाच, प्रत्येकाला अर्धं मत देऊन, मिटवला गेला. २७ ऑगस्टला डेन्व्हरमध्ये मतमोजणी थांबवून ओबामांना एकमुखाने उमेदवार जाहीर करावं, असा प्रस्ताव मांडायला स्वतः क्लिंटन उभ्या राहिल्या.