सगळ्यांना माहीत होतं

आत्ता पडद्यावर जो गोल बघितला तो मी मुद्दाम आधी लावायला सांगितला. कारण सुरवातीलाच म्हणलं असतं की आज एका गे फुटबॉलपटूबद्दल बोलणार आहे, तर मागच्या दोन रांगा चहाला उठल्या असत्या. (हशा) हसू नका, मला आपली माणसं माहितेत, मी पण त्याच रांगेत बसणारा. गोल बघितल्यावर मात्र कोण उठलं नाही आणि पुढं बसलेले एक काका तर नकळत "अरं तिच्यायला" म्हणाले. झालं, माझं निम्मं काम काकांनी केलं.

त्या पोराचं नाव जस्टिन फॅशानू. तारीख ९ फेब्रुवारी १९८०, मैदान नॉरिच सिटीचं कॅरो रोड आणि समोर लिव्हरपूल, म्हणजे त्यावेळचं इंग्लंडचं चॅम्पियन. गोलकीपर रे क्लेमन्स, हा काय ऐरागैरा नव्हे, इंग्लंडचा कीपर. आणि पोरगं अठराचं, एकोणीस पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी. बॉक्सच्या बाहेर पाठ गोलकडं करून उभा आहे, बॉल येतो, उजव्या पायानं नुसता हलका उचलतो, त्याच झोकात अंग फिरवतो आणि बॉल खाली पडतोय तोवर डाव्या पायानं असा ठोकतो की क्लेमन्स लांब झेपावतो पण काय उपयोग नाही. मी स्वतः लेफ्ट हाफ खेळलोय, आयुष्यभर डाव्या पायावर जगलोय म्हणून सांगतो, हे शिकवून येत नाही. आणि गोल झाल्यावर तो काय करतो बघितलं का? पळत सुटत नाही, लोळत नाही, नुसतं एक बोट वर. जणू काय घरातला बल्ब बदलला. त्या सीझनचा सगळ्यात भारी गोल म्हणून बीबीसीनं तोच निवडला. मॅच नॉरिच ३-५ हरली हे कुणाच्या लक्षात पण नाही.

आता हा पोरगा आला कुठनं. जन्म लंडनच्या हॅकनीतला, १९६१ चा, बाप नायजेरियाचा, आई गयानाची. आईबाप वेगळे झाले आणि जस्टिन आणि धाकटा भाऊ जॉन दोघंही बर्नार्डोच्या अनाथाश्रमात गेले. तिथनं नॉरफोकमधल्या श्रॉपम नावाच्या खेड्यात एका गोऱ्या जोडप्यानं, जॅक्सन म्हणून, त्यांना सांभाळायला घेतलं. चहूकडं शेतं आणि गोरे लोक, त्यात ही दोन काळी पोरं. जस्टिन बॉक्सिंग पण करायचा, चांगला करायचा, तिकडं जायचं का फुटबॉलकडं असा प्रश्न पडण्याइतका चांगला. शेवटी फुटबॉल. आणि तो काळ असा की काळा खेळाडू मैदानात उतरला की गॅलरीतनं माकडाचे आवाज काढायचे, केळी फेकायची. म्हणजे शिव्या खायची सवय त्याला लहानपणापासनंच होती, ही दुसरी शिवी अजून यायची होती.

१९८१ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला दहा लाख पौंडाला घेतलं. एवढी किंमत आलेला ब्रिटनमधला पहिला काळा खेळाडू. फॉरेस्ट म्हणजे १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप जिंकलेली टीम, आणि मॅनेजर ब्रायन क्लफ. जुन्या लोकांना क्लफ माहीत असेल, जबरदस्त डोकं आणि तितकीच जबरदस्त जीभ. आणि हा माणूस राजकारणानं डावा, कामगारांच्या बाजूचा, इंग्लंडच्या सीनियर टीममधनं खेळलेला पहिला काळा खेळाडू व्हिव अँडरसन ह्याच्याच टीममधला. म्हणजे माणूस वाईट म्हणून वाईट वागला असं सरळ गणित नाही, असतं तर मला आज बोलायला काय राहिलंच नसतं.

तर क्लफच्या कानावर आलं की आपला दहा लाखाचा स्ट्रायकर रात्री शहरातल्या गे क्लबात जातो. त्यानं फॅशानूला बोलावलं आणि जे बोलला ते त्यानं स्वतःच नंतर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ब्रेड पाहिजे असेल तर कुठं जातोस? बेकरीत. मटण पाहिजे असेल तर? खाटकाकडं. मग त्या अमक्यांच्या क्लबात कशाला मरायला जातोस? 'अमक्यांच्या'च्या जागी काय शब्द होता ते तुम्ही ओळखा, आपल्याकडं त्या जागी चार शब्द आहेत आणि चारही तुम्हाला पाठ आहेत.

हा किस्सा लोक विनोद म्हणून सांगतात, क्लफचा हजरजबाबीपणा म्हणून. मी पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसलो होतो, खोटं कशाला बोलू. पण जरा त्या पोराच्या जागी उभं राहून ऐका. वीस वर्षांचं वय, मॅनेजर बापाच्या वयाचा, आणि प्रश्न असा विचारतोय की ज्याला उत्तरच नाही. कारण 'का जातोस' हे दोघांनाही माहितेय. क्लफला माहिती होतं, क्लबला माहिती होतं, बरोबरच्या खेळाडूंना माहिती होतं. म्हणजे भानगड कळण्याची नव्हतीच. पुढं त्याला ट्रेनिंगला यायची बंदी केली, तो तरी आला, तर क्लफनं पोलीस बोलावून त्याला ग्राउंडवरनं बाहेर काढलं. स्वतःच्या टीमच्या ग्राउंडवरनं, पोलीस लावून!

फॉरेस्टकडनं लीगच्या ३२ मॅच आणि गोल ३. नॉरिचला लीगमध्ये ९० मॅचमध्ये ३५ गोल मारणारा हाच माणूस. लोक म्हणतात फॉर्म गेला. फॉर्म काय पाकीट आहे का खिशातनं पडायला? डिसेंबर १९८२ ला गावातल्याच दुसऱ्या क्लबला, नॉट्स काउंटीला दीड लाखाला विकला. दहा लाखाचा माल दीड वर्षाच्या आत दीड लाख. त्याच काळात तो चर्चकडं वळला, एकदम कट्टर म्हणावं असा ख्रिश्चन झाला, म्हणजे आधी ग्राउंडवर लपवायचं होतं, आता देवासमोर पण. पुढं ब्रायटनला गुडघा गेला, ऑपरेशनसाठी अमेरिका, मग तिथं आणि कॅनडात खेळला, परत इंग्लंड, इकडं चार मॅच तिकडं पाच मॅच. ह्या वर्षांबद्दल जास्त बोलत नाही, बॅग भरायची आणि सोडायची एवढंच चाललेलं.

आणि मग २२ ऑक्टोबर १९९०. 'द सन' नावाचा पेपर, पहिल्या पानावर हेडलाइन, दहा लाखाचा फुटबॉल स्टार म्हणतो मी गे आहे. जगात कुठल्याच खेळत्या प्रोफेशनल फुटबॉलपटूनं असं आधी उघड सांगितलेलं नव्हतं. आणि काळ कुठला ते बघा. एड्सची भीती घराघरात. पुरुष-पुरुष संबंध इंग्लंडमध्ये १९६७ पासनं गुन्हा नव्हते पण वयाची अट २१, बाकीच्यांना १६. १९८८ ला थॅचरबाईंच्या सरकारनं कायदा आणला की शाळांमधनं, कौन्सिलमधनं ह्या गोष्टीला 'प्रोत्साहन' द्यायचं नाही. अशा हवेत ह्यानं तोंड उघडलं. का उघडलं? त्यानं नंतर सांगितलं की एका ओळखीच्या सतरा वर्षांच्या गे मुलाला घरच्यांनी हाकलून दिलं आणि त्या पोरानं जीव दिला, ते ह्याच्या मनाला लागलं. हे खरं असणार. आणि पेपरनं पैसे दिले हे पण खरं. दोन्ही एकत्र खरं असू शकतं. आपल्याला हुतात्मा लागतो तो धुतलेल्या तांदळासारखा लागतो, फॅशानू तसा नव्हता. त्यानं पेपरवाल्यांना स्टोऱ्या विकल्या, त्यातल्या काही फुगवलेल्या होत्या, १९९४ ला स्कॉटलंडच्या हार्ट्स क्लबनं ह्याच असल्या कारणावरनं त्याला काढलं. हे लपवून मी त्याला मोठा करणार नाही, तो गोल आहे की त्यासाठी.

सगळ्यात वाईट वार घरातनं झाला. धाकटा जॉन, तोवर तो पण स्टार, विम्बल्डनकडनं १९८८ चा एफए कप जिंकलेला. ब्रिटनमधल्या काळ्या समाजाचा पेपर 'द व्हॉइस', त्यात त्यानं सरळ सांगितलं, माझा गे भाऊ आता आम्हाला परका. आपल्याकडं भाऊबंदकी होते ती बांधावरनं, गुंठ्यावरनं. इथं वाटणीला जमीन पण नव्हती, होतं ते फक्त आडनाव. आणि हे दोघं कोण, तर अनाथाश्रमात एकमेकाला धरून राहिलेले. जॉननं तर भावानं बोलू नये म्हणून त्याला पैसे दिले होते, हे त्यानं स्वतःच पुढं कबूल केलं. मी चुकलो असं पण म्हणाला. पण तोवर फार उशीर झाला होता.

इथं थांबून मला एक घरची गोष्ट सांगायची आहे. आमच्या टीममध्ये एक पोरगा होता, नाव घेत नाही, टीमचं पण नाही. राइट आउट खेळायचा, सुसाट. त्याच्याबद्दल सगळ्यांना माहिती होतं. कुणी काय बोलायचं नाही, म्हणजे तोंडावर बोलायचं नाही, पण त्याच्या पायात बॉल आला की गॅलरीतनं 'ए बायल्या' आलंच. आणि एकदा तो शब्द आमच्याच बेंचवरनं आला, आमच्याच राखीव खेळाडूनं दिला, आणि त्या पोरानं बॉल तसाच टचलाइनवर सोडला आणि बेंचकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, कोण म्हणालं ते बघायला. मी दहा फुटावर होतो. मी बूटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

पुढच्या सीझनला तो पुण्याला गेला, नोकरीला म्हणे. कुणी विचारलं नाही का गेला. आम्ही सगळे स्वतःला चांगली माणसं समजायचो, आमच्यात कुणी त्याला मारलं नाही, काढलं नाही. माहीत होतं आणि बोलायचं नाही, हे म्हणजे आम्ही त्याच्यावर केलेले उपकार, असंच आम्हाला वाटायचं. म्हणून मला तो क्लफचा किस्सा आता ऐकवत नाही. आणि म्हणून मी म्हणतो की फॅशानूला शिक्षा झाली ती गे असल्याची नाही, ती त्याला आधीपासनंच चालू होती गुपचूप. १९९० नंतरची शिक्षा होती ती बोलल्याची. ज्यांना सगळं माहिती होतं त्यांच्यासमोर माहिती असलेलंच बोलून दाखवलं, एवढाच गुन्हा.

बोलल्यावर काय झालं, तर मोठ्या क्लबनी पाठ फिरवली. टॉर्कीला, समुद्रकाठचा छोटा क्लब, खालच्या डिव्हिजनचा, तिथं मात्र तो टिकला, गोल पण मारले, कोचिंगची जबाबदारी पण मिळाली. समोरच्या टीमचे प्रेक्षक जे गायचे ते गायचेच. मग स्कॉटलंड, स्वीडन, न्यूझीलंड, परत अमेरिका.

१९९८ च्या मार्चमध्ये तो अमेरिकेत मेरीलँडला कोच होता, तेव्हा एका सतरा वर्षांच्या मुलानं त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार दिली. आरोप गंभीर आहे, तो बाजूला सारून पुढं जाता येत नाही. तो कोर्टात कधी उभाच राहिला नाही, त्यामुळं कुणाच्याच बाजूनं निकाल देण्याचा मला अधिकार नाही, तक्रार करणाऱ्याला खोटं म्हणायचा तर अजिबातच नाही. फॅशानू इंग्लंडला निघून आला, आणि मे महिन्याच्या सुरवातीला लंडनच्या शोरडिचमध्ये त्यानं आयुष्य संपवलं. वय ३७. चिठ्ठीत होतं की मला आधीच दोषी धरून झालंय, आणि घरच्यांना, मित्रांना अजून लाज आणायची नाही. चौकशीत कोरोनर, म्हणजे असल्या मृत्यूचं कारण तपासणारे अधिकारी, जे म्हणाले त्याचा मतलब असा की त्यानं भोगलेला द्वेष आणि वर हा आरोप, ह्या दोन्हीच्या ओझ्याखाली तो दबला असावा.

त्याच्यानंतर इंग्लंडमध्ये दुसरा खेळता प्रोफेशनल पुरुष कधी बोलला माहितेय का? मे २०२२. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय सतरा. मध्ये किती वर्षं गेली हिशोब करा, साडेएकतीस. जर्मनीचा हिट्झल्स्पर्गर बोलला २०१४ ला, पण रिटायर झाल्यावर. साडेएकतीस वर्षं त्या देशात हजारो पोरं प्रोफेशनल खेळली आणि त्यात एकही गे नव्हता, असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करावा. कुणाचाच नाही. म्हणजे बघा, आपल्याला पण माहितीच आहे.

जॉनचीच मुलगी, अमाल, तिनं २०१२ ला बीबीसीसाठी ह्याच विषयावर डॉक्युमेंटरी केली आणि कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या बापाला बसवून विचारलं की काकाशी असं का वागलास. आपल्याकडं कुठल्या पुतणीची हिंमत आहे? काकाच्या नावानं तिनं फाउंडेशन काढलं, आणि १९ फेब्रुवारी २०२० ला, त्याच्या वाढदिवशी, नॅशनल फुटबॉल म्युझियमच्या हॉल ऑफ फेममध्ये फॅशानूला घेतलं तेव्हा घरच्यांकडनं उभी होती ती हीच.

प्रश्न असतील तर घेऊ, पण त्याआधी प्रोजेक्टरवाल्या दादांना विनंती, तो गोल परत एकदा लावा. ह्यावेळी क्लेमन्सकडं बघू नका, बॉलकडं पण बघू नका. उजव्या पायानं उचलल्यावर एक क्षण असा आहे की त्याची गोलकडं पाठच आहे, त्याला काहीच दिसत नाहीये, आणि तरी अंग फिरायला लागलेलं असतं. तिथं थांबवा. हां, तिथंच.