दीड वांव दोरी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली, की एक प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारे बहुतेक विशी-बाविशीतले. "काका, पिंपं आहेत, बांबू आहेत. तराफा बांधून समुद्रात त्याच्यावर एक रात्र काढता येईल का?" मी विचारतो, पोहता येतं का? ते म्हणतात, हो. मग विचारतो, दोरी किती आहे? इथे सगळे एकमेकांकडे बघतात. बांबू किती, पिंपं किती, भज्यांचं पीठ किती, सगळं पाठ असतं. दोरी किती, ते कुणालाच ठाऊक नसतं.

तर आज त्या दोरीबद्दल बोलू. आधी तरंगण्याचं उरकून घेतो, कारण ते सोपं आहे.

बाजारात 200 लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप मिळतं. आपल्या घरामागे पाणी भरायला असतं, तेच. बूच घट्ट लावून ते पूर्ण पाण्यात दाबलं, तर ते 200 लिटर पाणी बाजूला सारतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून जरा जड, म्हणून एक पिंप साधारण 205 किलो उचलतं. त्याचं स्वतःचं आठ-दहा किलो वजा करा. अशी सहा पिंपं म्हणजे बाराशे किलोच्या आसपास. चार माणसं, बांबूंचा सांगाडा, वरच्या फळ्या, सामान, पाण्याचे कॅन, सगळं मिळून सहाशेच्या आत ठेवा. म्हणजे पिंपं अर्धी पाण्यात, अर्धी वर. लक्षात ठेवा: अर्धी पाण्यात, अर्धी वर. त्याहून जास्त बुडाली, तर एक माणूस खाली उतरवा. बहुधा ज्याने सामान जास्त आणलंय, तो.

बुचाचं एक सांगतो. दुपारच्या उन्हात पिंपातली हवा फुगते, रात्री निवली की आकसते. बूच ढिलं असेल, तर आकसताना ती पाणी आत ओढते. पहाटे तराफा एका कोपऱ्यावर कललेला दिसला, तर भुताटकी समजू नका, बूच तपासा.

आणि बांधायला काथ्याचा दोर घ्या. नायलॉनची दोरी दिसायला चकचकीत, पण गाठीतून सरकते. काथ्या भिजला की गाठ आवळून धरतो. आता कुणी म्हणेल, काका जुन्या काळातले. असेन. पण कोरोमंडल किनाऱ्यावर ओंडके दोरांनी बांधून माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर्यात जात आली. त्याला तमिळमध्ये कट्टुमरम म्हणतात. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड. इंग्रजांनी त्याचंच कॅटमरान केलं. खिळा नाही, बोल्ट नाही, नुसती बांधणी. मात्र ती माणसंसुद्धा त्याच्यावर मासे मारायला जातात, झोपायला नव्हे. हे विसरू नका.

असो. तरंगणं सोपं. जागेवर राहणं अवघड. पुन्हा सांगतो, तरंगणं सोपं, जागेवर राहणं अवघड. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कसं शिकलो, ते सांगतो.

आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. चौघे जण. मालवणजवळ देवबाग माहीत असेलच तुम्हाला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते. आम्ही ठरवलं, खाडीत तराफा उभा करायचा आणि रात्र त्याच्यावर काढायची. आमच्यातला एक जण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता, म्हणून सगळी आखणी त्याची. आम्ही त्याला इंजिनियर म्हणायचो. तो पहिल्या वर्षाला एका विषयात राहिला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

सहा पिंपं आणली. त्यातलं एक कुठल्या कारखान्यातलं होतं कोण जाणे, तीन वेळा सोड्याने धुतलं तरी वास जाईना. बांबू बांधले. बांधताना एक पिंप सैल वाटलं, म्हणून इंजिनियरने कोयत्याने दोर कापून ते आणखी आवळलं. मग दुसरं. मग कोपरे. दोर कुठला कापतोय, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो नांगराचा दोर होता.

नांगर म्हणजे तरी काय, जांभ्याचा चिरा. घराच्या गडग्यातला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीतला, उचललेला, तीसेक किलोचा. जमिनीवर दोघांना उचलताना घाम फुटला, तेव्हा आम्ही खूश. एवढा जड नांगर हलेल कशाला? पण दगड पाण्यात गेला, की जेवढं पाणी सारतो तेवढं वजन हरवून बसतो. जांभा तसा हलका दगड. तीस किलोचा चिरा पाण्याखाली जेमतेम पंधरा किलोचा उरतो. आणि त्याला वाळूत रुतायला फाळ नाही. खऱ्या नांगराला फाळ असतो तो उगाच नाही.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही चिरा टाकला. पाणी कमरेच्या जरा वर. इंजिनियर म्हणाला, खोलीच्या तिप्पट दोर सोडतात. उरलेला दोर नेमका तेवढाच होता, त्यामुळे नियम बरोबर वाटला.

त्या दिवशी अमावस्या होती. कॅलेंडर घरी भिंतीवर होतं. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि संध्याकाळी पाचला ओहोटीचा तळ. हा हिशेब आम्हा चौघांनाही येत होता. केला कुणीच नाही. आजकाल फोनवर भरती दिसते, पण बघणाऱ्याने मुंबईची वेळ लावलेली असते आणि उभा असतो वेंगुर्ल्याला. त्यापेक्षा आजी बरी.

तर आम्ही पाण्याच्या तळालाच चिरा टाकला होता. तिथून पाणी फक्त वर यायचं होतं, आणि उधाणाचं असल्याने चांगलं सहा-सात फूट.

रात्र मात्र सुरेख होती, ते कबूल करायला हवं. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून वर चूल मांडली, भात केला, सोबत घरून आणलेलं सुक्या जवळ्याचं कालवण. पाण्यात हात घातला की बोटांभोवती निळसर उजेड उठायचा. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, नॉक्टिल्युका नावाचे, डिवचले की उजळतात. आम्ही तासभर नुसते हात ढवळत बसलो. तेव्हा होड्यांवर ती गाण्यांची भोंगेवाली पेटी नव्हती. आता संगमावर संध्याकाळी जा, तुम्हाला लाट ऐकू येणार नाही. त्यावर एक वेगळं भाषण देता येईल मला, पण ते राहू द्या.

पलीकडच्या तीरावर एका घराचा दिवा होता. झोपताना तो माझ्या उजव्या हाताला होता. हे लक्षात ठेवा. पहाऱ्याला इंजिनियर होता. पाठ टेकून.

अकराच्या सुमाराला दोर ताठ उभा झाला असणार. तीन मीटर खोल पाणी, तीन मीटर दोर. दोर आडवा असेल तर नांगर तळाला धरून राहतो. दोर उभा झाला, की नांगर नुसता टांगला जातो. पाणी आणखी चढलं आणि आमच्या तराफ्याने तो चिरा अलगद उचलला. सहा पिंपांना पंधरा किलोचं काय? मग भरती थांबली आणि ओहोटी लागली. त्यात रात्रीचा मतलई वारा. जमीन लवकर निवते, तशी तिच्यावरची हवा समुद्राकडे वाहू लागते. म्हणजे पाणीही समुद्राकडे, वाराही समुद्राकडे, आणि चिरा बादलीसारखा खाली लोंबकळतोय.

आम्हाला पत्ता नाही. मला अर्धवट झोपेत जाणवलं की तराफा जास्त हलतोय. मला वाटलं, पाळणा छान आहे.

मग चारच्या सुमाराला मला जाग आली, ती हलण्याने नव्हे, तर हलणं थांबल्याने. तराफा असा स्थिर, जसा घरचा ओटा. मी मनात म्हटलं, समुद्र किती शांत! पांघरूण दवाने चिंब. उजवीकडे बघितलं, दिवा नाही. डावीकडे बघितलं, दिवा डावीकडे. आणि खूप लांब. मी पाय खाली सोडला, पाण्याचा अंदाज घ्यायला. पाय वाळूवर टेकला. कोरड्या नाही, पण चांगल्या घट्ट वाळूवर.

आम्ही खाडीच्या मुखावर, वाळूच्या दांड्यावर येऊन बसलो होतो. पाणी उतरत गेलं आणि दांड्याने आम्हाला अडवलं. पन्नासेक पावलांवर लाट फुटत होती. पांढरा फेस काळोखातसुद्धा दिसत होता. तराफा थोडा उजवीकडून गेला असता, तर पुढे निवतीच्या बाजूचे खडक, आणि त्यांच्याही पुढे मोकळा अरबी समुद्र. मी इंजिनियरला हलवला. तो डोळे न उघडता म्हणाला, "माझा पहारा दोनपर्यंतच होता."

बाकीची गोष्ट शेवटी सांगतो, कारण घड्याळ माझ्याकडे बघतंय, आणि कामाच्या चार गोष्टी राहिल्यात. भराभर सांगतो.

पहिली दोरीची. दोर मोजायचा तो भरतीच्या खोलीवर, ओहोटीच्या नाही. भरतीला जेवढं पाणी असेल त्याच्या निदान पाचपट, वारा असेल तर सातपट. पुन्हा ऐका: भरतीची खोली, पाचपट ते सातपट. तीन मीटर खोलीला पंधरा-वीस मीटर दोर. नांगर फाळाचा. आणि शक्य तर दोन नांगर, एक वरच्या अंगाला, एक खालच्या, कारण पाणी दर सहा तासांनी दिशा बदलतं.

दुसरी, दिवस निवडा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्याला. तेव्हा चढउतार कमी आणि ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण बघायला चांगलं, पण ते घराच्या गच्चीवरून. मुंबईकडे तर उधाणाला चढउतार पाच मीटरांपर्यंत जातो, आमच्या मालवणापेक्षा दुपटीने. तिकडच्या खाड्यांत हा खेळ नकोच. आणि आतल्या खाडीत रहा, मुखापासून चांगले लांब. उघड्या समुद्रात घरच्या तराफ्यावर झोपणं? नाही. त्यावर चर्चा नाही.

तिसरी, रात्रभर एक पांढरा दिवा उंच काठीवर, चारही बाजूंनी दिसेल असा. नांगरलेल्या होडीची खूण तीच. पहाटे मच्छीमार होड्या जोरात येतात, त्यांना तुमचा निळा तराफा दिसणार नाही. लाइफ जॅकेट झोपतानाही अंगावर. उशाला नव्हे, अंगावर. आणि तिवराला तराफा बांधू नका. ती झाडं संरक्षित आहेत, आणि त्यांच्या श्वासमुळांत पिंप अडकलं तर निघतही नाही.

चौथी, सांगून जा. ग्रामपंचायतीला, बंदर खात्याच्या कार्यालयात, सागरी पोलिसांना. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी तराफा दिसला की विचारपूस होते, आणि व्हायलाच हवी. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये ठेवा आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. जून-जुलैत तर नावच काढू नका. तेव्हा यांत्रिक बोटीसुद्धा किनाऱ्याला असतात.

चहा थर्मासमध्ये न्या. तराफ्यावर केलेल्या चहाला धुराची चव येते आणि मग सगळे खोटं खोटं छान म्हणतात.

आता राहिलेली गोष्ट.

उजाडलं तेव्हा किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं जमली होती. त्यातले एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, ओहोटीच्या पाण्यातून चालत आमच्याकडे आले. तराफ्याभोवती एक फेरी मारली. पिंपावर बोटाने टकटक केलं. म्हणाले, "खंयसून इलास?" आम्ही खाडीकडे बोट दाखवलं. "आनि हय कित्याक इलास?" इथे कशाला आलात, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

इंजिनियरने विचारलं, हा ढकलून पाण्यात नेता येईल का? ते म्हणाले, "भरती येयसर ह्यो हलाचो नाय." म्हणजे दुपारपर्यंत तिथेच. जवळ खायला काही नव्हतं. भाताचं पातेलं रात्रीच कुठेतरी वाहून गेलं होतं. रापणीच्या माणसांनी चार बांगडे भाजून दिले आणि एका घरून पेज आली. आम्ही वाळूवर बसलेल्या तराफ्यावर बसून जेवलो, आणि गावातली सगळी पोरं समोर उभी राहून आम्हाला बघत होती.

जेवण झाल्यावर म्हातारे वाकले आणि चिऱ्याचा दोर हातात घेतला. कोळी लोक दोर मोजतात तसा, दोन्ही हात पसरून. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत एक वांव, म्हणजे सहा फूट. त्यांनी हात पसरले. "एक." पुन्हा पसरायला गेले, तर अर्ध्यावरच दोर संपला. त्यांनी दोराचं टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, कोयत्याने कापलेलं.

"दीड वांव," ते म्हणाले. "आनि हेच्यार झोपललास?"

आम्ही गप्प.

दुपारी तराफा तरंगला, त्यांच्या होडीने ओढून आम्हाला खाडीत आत आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. फक्त तो दोर गुंडाळून काखेत मारला आणि म्हणाले, "शेळी बांधूक बरी."

पुढच्या मे महिन्यात मी त्यांच्या घरावरून गेलो. खळ्यात माडाला शेळी बांधलेली होती. दोर तोच. तो पुरत नव्हता, म्हणून त्यांनी त्याला आणखी एक तुकडा जोडला होता.

नमस्कार.