पाण्याचा रिपोर्ट फाइलमध्येच राहिला तर?

नमस्कार मंडळी, आज अमेरिकेतल्या लष्करी तळांच्या पाण्याबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर त्या पाण्याचे रिपोर्ट लोकांपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात त्याबद्दल.

नॉर्थ कॅरोलायनातलं कॅम्प लेज्यून, मरीन सैनिकांचा मोठा तळ. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या नळाच्या पाण्यात टीसीई होतं, मशीनचे पार्ट धुवायला वापरतात ते सॉल्व्हेंट, शिवाय तळाबाहेरच्या एका ड्राय क्लीनिंगच्या दुकानातून जमिनीत मुरलेलं पीसीई, म्हणजे कपडे धुवायचं सॉल्व्हेंट, आणि वर पेट्रोलमध्ये असतं ते बेंझीनसुद्धा. सैनिक, त्यांच्या बायका, लहान लेकरं, गरोदर बायका, दहा लाखांपर्यंत लोकांच्या पोटात हे पाणी गेलं असेल असा अंदाज आहे.

आता तारखा बघा. १९८१ मध्ये तपासणीच्या फॉर्मवर लॅबवाल्याने चक्क हाताने लिहून दिलं होतं की पाण्यात सॉल्व्हेंट भरपूर आहेत, पुढे उद्गारचिन्हसुद्धा टाकलं होतं. मे १९८२ च्या एका सॅम्पलमध्ये टीसीई १४०० पीपीबी (अब्जात इतके भाग) निघालं, आजची मर्यादा ५ आहे. तेव्हा टीसीईला कायदेशीर मर्यादा नव्हती हे खरं, पण म्हणून घराघरात सांगायला कोणी अडवलं होतं का? सगळ्यात खराब विहिरी बंद व्हायला १९८५ उजाडलं. आणि तळ सोडून गेलेल्या कुटुंबांना थेट कळवा, असं नौदलाला सांगायला संसदेला २००८ मध्ये कायदा करावा लागला! तोपर्यंत आजारी पडलेले कितीतरी जण आपल्याला हा आजार कुठून आला याचाच विचार करत बसले होते.

मला खटकतं ते हे की सुपरफंड कायद्यात, म्हणजे विषारी कचऱ्याच्या जागा साफ करायच्या अमेरिकन कायद्यात, लष्करी जागेच्या साफसफाईची मुख्य जबाबदारी लष्कराकडेच असते, म्हणजे घाण ज्यांची, तपासणी पण त्यांचीच, सर्वात प्रदूषित जागांच्या सरकारी यादीतल्या जागांवर ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संस्था, लक्ष ठेवते एवढंच. म्हणून बाहेरच्या माणसाचे डोळे तिथे लागतातच. आता आग विझवायच्या फोममधलं पीफास, म्हणजे सहजासहजी न विघटणारी रसायनं, अनेक तळांच्या आसपासच्या बोअरवेलमध्ये सापडतंय, तेव्हा तर जास्तच.

तुम्ही अशा तळाजवळ राहत असाल तर साफसफाईचा प्रस्ताव आला की निदान ३० दिवस हरकती घेतात, तेव्हा लेखी विचारा, माझ्या विहिरीचं सॅम्पल कधी घेतलं, आकडा किती आला, पुढचं कधी घेणार. महत्त्वाच्या हरकतींना लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि ते अंतिम निर्णयाच्या कागदांसोबत कायम राहतं.