दोन डोळे वर, दोन खाली

(दृश्य: सह्याद्रीतला ओढा. संथ डोहावर काळ्या, चकचकीत भुंगेऱ्यांचा घोळका.)

ओढ्याचं पाणी जिथे जरा थबकतं, तिथे यांचा धुमाकूळ चाललेला असतो. गरगर गिरक्या, मध्येच सुसाट धाव आणि काठावर कुणाची चाहूल लागली की थेट बुडी. हे जायरिनिडी कुळातले भुंगेरे. आपल्याकडच्या ओढ्यांत दिसणारा डिन्यूटस याच कुळातला.

हा पोहतो तेव्हा पोट पाण्यात असतं आणि पाठ हवेत. उभा जन्म असा अर्धा भिजून काढायचा, तर नजर कुठे ठेवायची?

(दृश्य: डोक्याची बाजू, सूक्ष्मदर्शकातून.)

नीट पाहा. प्रत्येक डोळ्याचे दोन भाग झालेत आणि मधून कवचाची पट्टी गेली आहे. वरची जोडी हवेत बघते, खालची पाण्यात.

आणखी जवळ जाऊ, इतकं की साधा सूक्ष्मदर्शक पुरणार नाही. याच कुळातल्या जायरिनस आणि ओरेक्टोकायलस या दोन प्रजातींच्या डोळ्यांचा असा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. वरच्या डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे बाहेरच्या पारदर्शक पडद्यावर, अतिसूक्ष्म उंचवट्यांची वेडीवाकडी नक्षी सापडली, अगदी भुलभुलैया. खालचा डोळा मात्र गुळगुळीत.

पाणी चिकटू नये म्हणून ही नक्षी असेल, असं कुणालाही वाटेल. तपासलं तर तसं काहीच निघालं नाही. तिचं काम वेगळंच आहे: प्रकाशाचं परावर्तन कमी करणं. हवेतून पारपटलात शिरताना काही प्रकाश उलटा फिरतो, वाया जातो. पाण्यातून शिरताना हे नुकसान फारच थोडं, कारण पाणी आणि पारपटल यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेत, तेवढा फरक नसतो. मग खालच्या डोळ्याला नक्षीचा खर्च हवाच कशाला?

डोळ्यांचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते खरी कारागिरी शृंगिकेत आहे, म्हणजे त्या आखूड, जाडसर मिशीत.

(दृश्य: शृंगिका, मोठी करून.)

तिचा दुसरा खंड पाहा. कानाच्या पाळीसारखा पसरट, कडेला केसांची झालर. हा खंड पाण्याच्या पृष्ठभागावर टेकलेला असतो. त्याच्या पुढचा गदेसारखा भाग पाण्याला न लागता वर राहतो. लाट आली की पसरट खंड हलतो, गदा मागे रेंगाळते. दोघांच्या सांध्यात क्षणभर जो फरक पडतो, तीच बातमी.

ती टिपणारं इंद्रिय दुसऱ्या खंडाच्या आत आहे. त्याचं नाव जॉन्स्टनचं इंद्रिय. बाल्टिमोरचे डॉक्टर ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी 1855 मध्ये डासाच्या शृंगिकेत त्याचं वर्णन केलं.

(दृश्य: पातळ छेद, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.)

इथल्या प्रत्येक संवेदी घटकाला स्कोलोपिडियम म्हणतात. चेतापेशीच्या टोकाला केसाहून कितीतरी बारीक तंतू, भोवती ताठ दांड्यांचं आवरण, वर टोपी. टोपी सांध्याकडे बांधलेली. सांधा हलला की तंतू ताणला जातो आणि चेतापेशी संदेश धाडते. तंतूचा आडवा छेद घेतला तर सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्यांचं कडं दिसतं. मध्यभाग रिकामा. पोहणाऱ्या शुक्रजंतूच्या शेपटीत त्या जागी आणखी दोन नलिका असतात. इथे त्या नाहीत.

पाण्यावर पडून तडफडणारा किडा हेच या भुंगेऱ्यांचं जेवण. तडफड म्हणजे लाटा, आणि लाटा म्हणजे सांध्यातली हालचाल.

(दृश्य: पाठीवर उलटा पोहणारा पाणकिडा, नोटोनेक्टा.)

त्याच डोहात याच शिकारीवर आणखी एकाचा डोळा असतो. हा नोटोनेक्टा, पृष्ठभागाला खालून लटकून राहणारा. लाटा तोही वाचतो आणि त्याच्याकडेही स्कोलोपिडियमच आहेत. फक्त त्याने ते पायांत ठेवलेत, कारण पाण्याच्या पडद्याला टेकलेले असतात ते त्याचे पाय.