वाकडं तोंड, आधी कान

मिरज. सकाळची ओपीडी. पहाटेच्या एसटीनं जतहून आलेली ही अडीच वर्षांची पोर आता भोकाड पसरणार, आणि डॉक्टरांना तेच हवंय.

एवढ्या लहान मुलाला ‘गाल फुगव, आठ्या घाल’ सांगून उपयोग नसतो. रडताना मात्र चेहरा काहीच लपवत नाही. बघा, तोंड डावीकडं ओढलं जातंय. उजवी पापणी मिटत नाही, फटीतून डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. आता कपाळ. उजवीकडं एकही आठी नाही. मेंदूतला बिघाड असता तर कपाळ सहसा हललं असतं. म्हणजे दुखणं खुद्द चेहऱ्याच्या नसेचं.

‘वारं गेलं’ म्हणून घरी तेल लावून शेकणं झालं. आज्जीनं मायेनंच केलं. पण कानात कुणी डोकावलं नाही.

ही नस कानाजवळच्या हाडातल्या बोगद्यातून येते. सर्वांत अरुंद जागी तो एक मिलिमीटरही रुंद नाही. मधल्या कानाला ती अगदी लगटून जाते. काहींमध्ये तिथलं हाडाचं कवच जागोजागी उघडं असतं. कानात पू साठला की सुजलेली नस आतल्या आत आवळली जाते.

स्क्रीनवर दिसतोय तो कानाचा पडदा. लालभडक, बाहेर फुगलेला. भूल देऊन त्याला बारीकशी चीर दिली, पू ओढून घेतला. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

कान स्वच्छ निघाला असता, तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे ठोस कारण न सापडता चेहऱ्याची नस अचानक लुळी पडणं. तरी तसं लगेच म्हणायचं नसतं. आधी रक्तदाब मोजायचा. हो, लहान मुलांचासुद्धा. रक्तही तपासायचं, कारण क्वचित रक्ताचा कर्करोग असा समोर येतो आणि घाईनं दिलेल्या स्टेरॉइडमुळं झाकला जातो. बेल्स पाल्सीत मोठ्यांना स्टेरॉइडचा फायदा होतो. लहान मुलांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत महिन्याभरानंतर तसा ठोस फरक दिसला नाही.

इथं नर्स आईला डोळा सांभाळायला शिकवतेय. दिवसा थेंब, झोपताना मलम. मग अंगठ्यानं पापणी अलगद खाली ओढून वर कागदी चिकटपट्टी. बुबुळ कोरडं पडलं, तर नजरेलाच धोका.

बहुतेक मुलांचा चेहरा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सावरतो. उरलेल्यांसाठी एमआरआय, नसेच्या विद्युत चाचण्या, आणि गरज पडली तर पायातली नस काढून चेहऱ्यात जोडण्याची शस्त्रक्रिया.