कागदपत्रं लहान करा, आपल्याच लॅपटॉपवर

श्रोतेहो, नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी कागदपत्रांची फाइल कपाटातून बाहेर निघते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आधार, पासबुकाचं पहिलं पान. सगळं स्कॅन होतं, आणि अर्ज भरताना पडद्यावर लाल अक्षरं उमटतात, फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. शेवटची तारीख तोंडावर आलेली असते. मग शोधल्यावर जी पहिली फुकट वेबसाइट दिसेल तिच्यावर सगळे कागद चढवायचे, लहान करून उतरवून घ्यायचे, आणि अर्ज एकदाचा भरून टाकायचा.

मला बोलायचं आहे ते या वेबसाइटच्या पायरीबद्दल. ती वेबसाइट म्हणजे कुणाचा तरी दूरचा संगणक. तुमच्या मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक, खाते क्रमांक, सही, सगळं तिथे एकदम पोचतं. फाइल थोड्या वेळात पुसून टाकतो असं अनेक वेबसाइट सांगतात. पुसतही असतील. पण ते तपासून पाहण्याचा काहीच मार्ग आपल्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर तिथे जायची गरजच नाही. हे काम आपल्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवूनसुद्धा होतं.

आधी फाइल जड का होते ते पाहू. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत ठेवला तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे न दाबलेलं (फाइल लहान करण्याची प्रक्रिया न केलेलं) एक पान २६ एमबीच्या घरात जातं. तेच करड्या छटेत घेतलं तर वजन एक तृतीयांश. डीपीआय १५० केला तर ठिपके निम्मे नाही, एक चतुर्थांश होतात, कारण उंची आणि रुंदी दोन्ही निम्म्या होतात. म्हणून वजन उतरवायची सगळ्यात चांगली वेळ स्कॅन करतानाच असते. छापील दाखल्याला १५० डीपीआय आणि करडी छटा बहुतेक वेळा पुरते. अक्षर बारीक असेल, शिक्का फिकट असेल, तर २०० घ्या. नुसतं काळं-पांढरं मात्र जपून वापरा, त्यात गोल शिक्क्याची अक्षरं एकमेकांत मिसळतात.

स्कॅन आधीच झालं असेल तर लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या ड्रॉ या भागात पीडीएफ उघडा आणि फाइल मेनूतून पुन्हा पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करा. तिथे जी चौकट उघडते तिच्यात चित्राचा दर्जा आणि डीपीआय दोन्ही कमी करता येतात. मॅकवाल्यांना प्रिव्ह्यूमध्येच सोय आहे. फाइल झिप केली की लहान होईल असं पुष्कळांना वाटतं, पण स्कॅनमधलं चित्र आधीच दाबलेलं असतं, त्यामुळे तिथे जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

आता कळकळीची एक विनंती. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा दाखला तुम्ही ऑनलाइन घेतला असेल तर तो छापून पुन्हा स्कॅन करू नका. हे सर्रास होतं, आणि त्यात दुहेरी नुकसान आहे. मूळ फाइलमध्ये मजकूर अक्षरांच्या रूपात असतो, म्हणून ती सहसा हलकी असते. स्कॅन केल्यावर ती चित्र होते आणि जड होते. शिवाय स्वाक्षरीचं फक्त चित्र उरतं, तिची पडताळणी होऊ शकत नाही. अशी फाइल लहान करायलाही जाऊ नका, कारण फाइलमध्ये बदल झाला की स्वाक्षरी तुटते. ती आली तशीच पाठवा.

पासवर्डचं कुलूप लावायचं ते फाइल लहान करून झाल्यावर. एकदा कूटबद्ध, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, झालेली फाइल दाबली जात नाही. लिबरऑफिसच्या त्याच चौकटीत सुरक्षेचा भाग आहे आणि तिथे दोन पासवर्ड विचारले जातात. फाइल उघडण्यासाठी लागतो तो पासवर्ड लावा, खरं कुलूप तेच. छपाई किंवा कॉपी रोखणारा दुसरा पासवर्ड सहज ओलांडता येतो, त्याच्यावर विसंबू नका. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या फाइलींसाठी सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात एईएस-२५६ ही कुलूपाची पक्की पद्धत निवडून पासवर्ड घातला की आतली फाइल जशीच्या तशी राहते. पासवर्ड लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द चालतील. तो विसरलात तर फाइल कायमची गेली, म्हणून मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. फाइल ईमेलने पाठवली तर पासवर्ड फोनवर सांगा, त्याच ईमेलमध्ये लिहू नका. अर्जाच्या पोर्टलवर मात्र कुलूपबंद फाइल सहसा चालत नाही, तिथे ती उघडीच द्यावी लागते.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा. पण नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्माचं साल ही त्याची रचना सगळ्यांना माहीत आहे. तुमचं नाव आणि साल ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी ती फाइल उघडीच. जिथे पूर्ण क्रमांक मागितलेला नाही तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

आणि कुठला क्रमांक झाकायचा असेल तर पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढू नका. पट्टीखाली मजकूर तसाच असतो, तो निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत, ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचाराचे एकेकाळचे प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदांचं नेमकं हेच झालं, झाकलेल्या ओळी पत्रकारांनी वाचल्या. पट्टी ओढल्यावर पानाचं चित्र करा, जेपीजी किंवा पीएनजी, आणि त्या चित्राची नवी पीडीएफ बनवा. मग खाली काही उरत नाही.

लॅपटॉप घरी नसेल आणि नेट कॅफेत जावं लागलं, तर उठण्यापूर्वी डाउनलोड्स फोल्डर आणि रीसायकल बिन दोन्ही रिकामे करा, ईमेलमधून बाहेर पडा, आणि स्कॅन ज्या फोल्डरमध्ये ठेवले होते ते दुकानदाराला विचारून तिथूनही पुसा. कुणाला अवघड वाटलं तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या.

नमस्कार.