हर्ड बेट: बर्फाखालचा जागृत ज्वालामुखी

दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून नैर्ऋत्येला सुमारे ४१०० किलोमीटरवर, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील हर्ड बेट आहे. ३६८ चौरस किलोमीटरच्या या भूमीवर वस्ती नाही, धावपट्टी नाही आणि बंदरही नाही. इथवर पोहोचलेल्या जहाजाला पश्चिमेचे वादळी वारे किनाऱ्याजवळ येऊ देतील, याचीही शाश्वती नसते.

ढगांतून क्षणभर वर येणारे या बेटाचे टोक म्हणजे २७४५ मीटर उंचीचे मॉसन शिखर. ते ज्या ज्वालामुखीचा माथा आहे, त्या 'बिग बेन'ने बेटाचा बहुतेक भाग व्यापला आहे. आत लाव्हा धुमसत असला तरी बाहेरचे उतार हिमनद्यांनी झाकलेले आहेत, कारण समुद्रावरून येणारे ओलसर वारे या डोंगराला अडतात आणि भरपूर हिम टाकतात. मात्र पूर्व किनाऱ्यावरच्या ब्राउन आणि स्टीफन्सन या हिमनद्या १९४७ नंतर बऱ्याच मागे हटल्या असून, त्यांनी सोडलेल्या जागेत आता सरोवरे दिसतात.

कॅप्टन जॉन हर्ड यांना हे बेट १८५३ मध्ये दिसले आणि दोनच वर्षांत शिकारी येऊन थडकले. त्यांना एलिफंट सीलच्या चरबीचे तेल हवे होते. काही दशकांत त्यांनी किनारे जवळजवळ ओस पाडले. किंग पेंग्विनही त्यातून सुटले नाहीत. शिकार थांबल्यावर मात्र सील परतले आणि किंग पेंग्विनच्या वसाहती पुन्हा भरल्या. मॅकरोनी पेंग्विनची तर इथे लाखो जोडपी विणीला येतात.

या सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कॅमेऱ्यात टिपता येत नाही, कारण ती इथे नाहीच: उंदीर आणि मांजर. शिकाऱ्यांची जहाजे वर्षानुवर्षे येत राहूनही हे प्राणी बेटावर रुजले नाहीत, हे नशीबच म्हणायचे. जहाजे दूर नांगरून माल होड्यांतून उतरवावा लागे, हेही त्यामागचे एक कारण असावे. वायव्येकडील केर्गेलेन बेटांवर माणसाने नेलेल्या मांजरांनी बिळांत घरटी करणाऱ्या पेट्रेल पक्ष्यांचा फडशा पाडला. हर्डवर तेच पक्षी जमिनीत बिळे खणून निर्धास्तपणे अंडी घालतात. इथे झाड एकही नाही. गादीसारखी पसरणारी अझोरेला आणि जाड पानांची केर्गेलेन कोबी यांच्या आडोशाला पंख खुरटलेले, उडता न येणारे कीटक राहतात.

म्हणूनच १९९७ पासून जागतिक वारसा असलेल्या या बेटावर परवानगीविना पाऊल ठेवता येत नाही, आणि परवानगी मिळालेल्या संशोधकांनाही उतरण्यापूर्वी बुटांचे तळवे, खिसे आणि सामानाच्या शिवणी घासूनपुसून साफ कराव्या लागतात, कारण बाहेरून येणारे एखादे बीसुद्धा इथे रुजू शकते.